परतूरचं वळण

"आम्हाला फिरणारा न्हाई पाहिजे," काकासाहेब म्हणाले. "एकाच जागी बघणारा दाखव. फाटकावर लावायचाय."

"फिरणाराच दे," गोपिकाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

पप्पूने दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले. नवीन जालन्यातल्या त्याच्या दुकानात शेतावरच्या मोटारीसाठी कॅमेरे नेणारेच जास्त. बागेतल्या छोट्या रेल्वेवर नजर ठेवायला कॅमेरा मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच.

"काकू, हा मोबाइलवरून कुठंबी वळतो. घरात बसून लाइव बघा. पावसात भिजला तरी बिलकुल टेन्शन न्हाई. आवाज बी येतो."

"वळताना खरखर करतो का रे?"

"जराशी. कान देऊन ऐकलं तरच."

गोपिकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उभी हयात इंजिनात काढलेल्या काकासाहेबांना बारीक आवाज ऐकूच येत नसत.

"हाच बांध," त्या म्हणाल्या.

"उगंच खर्चा," काकासाहेब कुरकुरले. "गाडीचा डबा मांजर पाडत आसंल."

"मंग मांजर दिसंल की!" हे मात्र त्या मोठ्यानं बोलल्या.

काकासाहेब न फिरणारा कॅमेरा पुन्हा हातात घेऊन बघू लागले. ते गोपिकाबाईंना बरोबर टोचलं.

काकासाहेब रिटायर झाले तेव्हा मुलानं, कल्याणनं, परदेशातून ही गाडी पाठवली होती. इंजिन आणि चार निळे डबे. काकासाहेबांनी मागच्या बागेत रूळ टाकले, तुळशीला वळसा घालून, चिकूच्या झाडाखालून. जालना, रांजणी, परतूर अशा स्टेशनांच्या पाट्या स्वतः रंगवल्या. रोज सकाळी अंघोळ करून, डोक्यावर जुनी ड्यूटीची टोपी घालून ते गाडी सोडत.

नेमक्या त्याच वेळी मागच्या गल्लीतल्या सत्यशीलाबाई जास्वंदीची फुलं न्यायला यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला मोकळ्या. "काय ड्रायव्हर साहेब, आज गाडी टायमावर का?" असं म्हणायच्या आणि काकासाहेब खळखळून हसायचे.

ते हसणं देवघराच्या खिडकीतून आत यायचं. आत गोपिकाबाईंसमोर पोथी उघडी आणि तोंड बंद. अंघोळ झाल्यापासून अध्याय संपेपर्यंत शब्द उच्चारायचा नाही, हा त्यांचा नेम. नवरा पहिल्यांदा गाडी घेऊन गेला त्या दिवशी धरलेला. त्याची गाडी सुखरूप पोचू दे, एवढंच मागणं. पुढे एकेक व्रत वाढत गेलं. अध्यायामागून जप, जपामागून नैवेद्य, संध्याकाळी हरिपाठ. ड्यूटी संपली, नेम संपले नाहीत. "आता तरी देवाला सुट्टी दे की गं," काकासाहेब एकदा म्हणाले होते. त्यांनी पोथीचं पान उलटलं. मौन चालू होतं.

सत्यशीलाबाई गेल्या, फाटक वाजलं, की पाठोपाठ हाक यायची, "गोपिका, डबा घसरला गं!"

त्या घरात 'घसरला' हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. ड्रायव्हरच्या बायकोनं तो ऐकून बसून राहायचं कसं? गाडी खेळण्यातली असली म्हणून काय झालं? त्या ओवीवर तुळशीचं पान ठेवून उठत. त्यांची बोटं बारीक, चाकं रुळावर चटकन बसत. आणि मग राहवायचं नाही.

"ते वळण नीट का करत न्हाई तुम्ही?"

"जरा जोरात बोल."

"वळण! वळण नीट करा!"

झालं, मौन मोडायचं. पोथी पुन्हा पहिल्या ओवीपासून.

घसरायचा तो शेवटचाच डबा, आणि दर वेळी परतूरच्या वळणावर, देवघराच्या खिडकीखालीच. एवढ्यांदा पडूनही त्याचा रंग कुठे खरचटला नव्हता.

"जपून पाडती मेली," त्यांनी केदारखेड्याच्या भावजयीला, दुर्गाबाईला, फोनवर सांगितलं. "पदर अडकवती अन् जाती निघून. ह्यांच्यासंगं हसायला ती, अन् डबे उचलायला मी."

"अहो वन्सं, ह्या वयात काय हे?"

"जळायला वय लागतं व्हय? एकदा डोळ्यानं पाहते, मंग तिकडंच येते कायमची. दादाला म्हणावं, खोली झाडून ठेव."

पिशवी भरून पलंगाखाली सरकवलेली होती.

कॅमेरा काकासाहेबांनी स्वतः बांधला, तोंड फाटकाकडे करून. दुसऱ्या दिवशी गोपिकाबाईंनी पोथी उघडली, मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि मोबाइल पोथीखाली अर्धा सरकवला.

सत्यशीलाबाई आल्या. गोपिकाबाईंनी बोटानं कॅमेरा वळवला. काकासाहेबांना खरखर ऐकू गेली नाही.

"गोपिकाताईंची पोथी झाली का न्हाई अजून?"

"कुठली! त्यांचा सिग्नल लालच राह्यतो, बाई."

दोघं हसली. गोपिकाबाईंच्या कानशिलाला चटका बसला. आता ह्यांच्या गप्पांना माझाच विषय?

सत्यशीलाबाईंनी पदर कमरेला खोचला, फुलं तोडली आणि रुळांपासून चांगलं हातभर लांबून चालत गेल्या. फाटक वाजलं. गाडी अजून धावत होती, चारही डबे रुळावर.

गोपिकाबाईंनी कॅमेरा परतूरकडे वळवला.

गाडी वळणावर आली तशी काकासाहेबांनी ती थांबवली. मान वर करून देवघराच्या खिडकीकडे पाहिलं. टोपी काढून केसांवरून हात फिरवला, टोपी पुन्हा नीट बसवली. मग खांद्यावरचा रुमाल खडीवर अंथरला, शेवटचा डबा दोन्ही हातांनी उचलून त्यावर अलगद आडवा केला आणि खालून रुमाल ओढून घेतला.

"गोपिका, डबा घसरला गं!"

हाक आधी खिडकीतून आली, मग पोथीखालून.