पिठाचा डबा

कॉम्प्युटरचं काचेचं कॅबिनेट सात रंगांत झगमगत होतं आणि रुबिनाचा जीव त्यावर पुरता जडला होता. "शलाका, हेच घेऊया ना गं!"

"अगं बये, दिव्यांनी गेम पळत नाही," म्हणत शलाकाने ते बाजूला सारलं. मैत्रिणीने गेमिंगसाठी पै-पै करून साठवलेले पैसे तिला रोषणाईत घालवायचे नव्हते. तिने साधं, काळं, पत्र्याचं कॅबिनेट उचललं आणि वाचलेले सगळे पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डात घातले. दुकानदाराने तोंड वाकडं केलं. रुबिना तर वाटभर फुगून बसली. "पिठाचा डबा दिसतोय नुसता!"

रविवारी दोघी आपापल्या घरून ऑनलाइन रेसला बसल्या. शेवटच्या वळणावर रुबिनाचा जुना लॅपटॉप हटकून मान टाकायचा, तिची लाल गाडी जागच्या जागी थिजायची आणि शलाका आरामात पुढे निघून जायची. आजही ते वळण आलं. सवयीने शलाकाने मागे नजर टाकली. लाल गाडी थिजली नव्हती. ती सुसाट आली, शलाकाच्या गाडीला घासून पुढे गेली आणि रेषा ओलांडून मोकळी झाली.

"पिठाच्या डब्याने हरवलं गं तुला!" हेडफोनमध्ये रुबिना किंचाळली.

शलाका खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटायला लागली. गोंधळ ऐकून आई स्वयंपाकघरातून डोकावली. "जिंकलीस वाटतं?"

"मग! दणक्यात!"