तोंडात स्क्रू

जुन्या फियाटच्या डॅशबोर्डखाली नवनाथ मेकॅनिक उताणा पडला होता. पाय दाराबाहेर, काढलेला स्पीकर छातीवर आणि त्याचे स्क्रू ओठांत.

“कुणाची गाडी रे?” बाहेरून कुणीतरी विचारलं. त्यानं ओठांतले स्क्रू काढायला हात उचलला, तोच दोघांनी पाय धरून त्याला रस्त्यावर ओढलं.

“स्पीकर चोरतोय! परवा माझ्या गाडीचे ह्यानंच नेले!”

पहिल्याच थपडेला स्क्रू जिभेत रुतले. त्याला बोलता येईना.

“बोलत नाही म्हणजे हाच!” आणि लाथा सुरू झाल्या.

चहा घेऊन घाटेसर घरातून आले, तेव्हा नवनाथच्या तोंडातून रक्त गळत होतं. “अरे, मीच बोलावलंय त्याला! गाडी माझी आहे!” पण त्यांचा म्हातारा आवाज त्या गलक्यात कुणाच्या कानावर जाईना.

हातातला चहा टाकून सरांनी कडेचा दगड उचलला आणि आपल्याच गाडीच्या पुढच्या काचेवर घातला.

काच फुटली तसे सगळे वळले. “सर, हे काय केलंत?”

“स्पीकर काढणाऱ्याचं तोंड फोडलंत ना?” सर म्हणाले. “मी तर काच फोडली. या, आता मला मारा.”