शिडाच्या जहाजाचं नाणं

"व्हेरी फाइन," मामा म्हणाले आणि नाणं मखमलीवर ठेवलं. "कुणाकडे?"

"त्याच्याकडे जाऊ दे," ती म्हणाली.

"तिला हवं असेल तर तिच्याकडे," तो म्हणाला.

मामांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. हे काहीतरी भलतंच चाललं होतं.

म्हणजे बघा, ती औषधाच्या दुकानात काम करायची, तो जमिनी मोजायचा, आणि दोघांनाही जुन्या नाण्यांचं वेड. लग्न मोडलं होतं, फक्त सह्या बाकी होत्या. घर, भांडी, गाडी, सगळं वाटून झालं होतं. उरली होती नाणी. ती घेतली मामांच्या दुकानातून, म्हणून वाटायलाही तिथेच आली. मामा म्हणजे दुकानदार. सख्खे कुणाचेच नाहीत, पण सगळी गिऱ्हाइकं मामाच म्हणायची.

आता नाण्याचा भाव ठरतो झिजेवर. झिजलंय पण अक्षरं वाचता येतात, ते फाइन. नाण्यावरच्या राजाच्या डोक्याचे केस सुटे सुटे दिसतात, ते व्हेरी फाइन. जेमतेम हाताळलेलं, ते एक्स्ट्रा फाइन. पण नाणी काय शहाण्यासारखी पायरीवर उभी राहतात होय? निम्मी तर दोन पायऱ्यांच्या मध्येच लटकलेली. आणि मधल्याचा भाव बरोबर मधला नसतोच! वरच्या पायरीकडे जरा झुकलं की भाव एकदम उडी मारतो. म्हणून खरी मारामारी तिथे.

आणि ही दोघं ती करायची! तो कायम वरची पायरी धरायचा, ती खालची. दुकानात त्याचं नाव वाढीव, तिचं कंजूष.

"कान बघ, कान! अख्खा कान दिसतोय!"

"कान दिसतोय, केस कुठेत? टक्कल पडलंय त्याला."

"डोळ्यात औषध घाल, तुला फुकट मिळतं."

बाकीची गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून ऐकत बसायची. मामा वैतागून दिवा बंद करायचे. "अहो, घरी जाऊन भांडा!" दोघं घरी जाऊनही भांडायची, आणि दुसऱ्या दिवशी तेच नाणं घेऊन परत हजर.

आज मात्र शेजारी शेजारी बसली होती. दवाखान्यात नंबर लावून बसतात ना, तशी. मामा नाणं उचलायचे, कडेला धरून दिव्याखाली तिरकं करायचे, दर्जा सांगायचे. दोघं मान हलवायची. भिंगाला कुणी हातसुद्धा लावला नाही.

"कंजूषबाई, तुमचं काय म्हणणं?" मामांनी मुद्दाम डिवचलं.

"तुम्ही म्हणाल ते, मामा."

"पंखा वाढवू का?" त्याने तिला विचारलं.

"नको, ठीक आहे. तुला उकडत असेल तर वाढव."

इतकं गोड बोलणं मामांनी या दोघांच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या मनात एकच. एकदा भांडा रे बाबांनो. एकदाच. ठिणगी पडली तर सह्या थांबतील.

शेवटचं नाणं उरलं. चांदीचं, शिडाच्या जहाजाचं. याच्यावरूनच दोघांची ओळख झाली होती. दोघांनाही तेच हवं, आणि दर्जा काही जुळेना. आठवडाभर रोज येऊन भांडली, मग चक्क लग्नच केलं, म्हणजे नाणं एकाच घरात राहील! आणि नाणं काय होतं सांगू? जहाजाची दोरी न् दोरी शाबूत. एक्स्ट्रा फाइनच्याही वर सरकलेलं. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

मामांनी ते दिव्याखाली धरलं. उगाच बराच वेळ फिरवलं. घसा खाकरला. आणि नाण्याच्या बाबतीत जन्मात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले.

"फाइन."

दोन पायऱ्या खाली! म्हणजे वितळवायच्या चांदीचा भाव! वर आणखी मीठ चोळलं, "पार झिजलंय. शिडं दिसतायत कुठे?" नाणं दोघांच्या बरोबर मध्ये सरकवलं. शेजारी भिंग ठेवलं.

तिची नजर जहाजावर गेली. तिथेच राहिली. दोऱ्या तिला दिसल्याच असणार, तिला नाही दिसणार तर कुणाला? त्याने खुर्ची पुढे ओढली. तोंड उघडलं. मामांनी काउंटरची कड घट्ट धरली. आता चढणार आवाज, आता!

"चालेल," दोघं एकदमच म्हणाली.