सोन्यावरचा उंचवटा

कोऱ्या द्रावणात औषधाचा थेंबही नव्हता, तरी सोन्याच्या इलेक्ट्रोडनं पडद्यावर हा भलामोठा उंचवटा काढला. सेलिनानं सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या.

खोकल्याच्या औषधातलं गंधकाचं संयुग कोणत्या इलेक्ट्रोडवर किती नीट ऑक्सिडाइज होतं, म्हणजे पडद्यावरच्या रेघेत किती उंचवटा काढतं, हा तिच्या पीएचडीचा विषय. कार्बन शहाण्यासारखा वागला, प्लॅटिनम रुसतफुगत का होईना वागलं. सोनं मात्र औषध थोडं असलं की ढिम्म. आज जमलं नाही तर सोन्याचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकायचं, असं तिच्या मार्गदर्शक दर्शनामॅडमनी बजावलं होतं. आणि सेलिनाचा तर सगळा जीव त्याच प्रकरणात.

“औषध पडलं का गं यात?” मॅडमनी विचारलं.

“नाही ना मॅडम! नुसतं कोरं आहे.”

मॅडम जवळ आल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. “तुझ्या हाताला कसला वास येतोय?”

“लसणीचा. भावाचं लग्न आहे ना उद्या. आमच्या मरोळ गावात सगळ्या बायका सकाळपासून सोलायला बसल्यात. मला कोण सोडतंय?”

“आणि त्याच बोटांनी इलेक्ट्रोड पुसलास? वाट लागली! लसणीत गंधकच असतं की.”

सेलिनानं जीभ चावली. हातमोजे शोधता शोधता ती मध्येच थांबली. म्हणजे सोन्याला गंधक दिसत होतं! मग औषधातलं का नाही? औषधात इलेक्ट्रोड बुडवला की ती लगेच मोजायला घ्यायची. आज मात्र इलेक्ट्रोड पुसून ती चहाला गेली होती आणि तेवढा वेळ लसूण सोन्याला चिकटून बसली होती.

“मॅडम, आपणच घाई करतोय. सोन्याला औषधात मुरू द्यायला हवं.”

“लोणचं आहे का ते?” असं म्हणत मॅडमनी खुर्ची ओढली.

हातमोजे घालून तिनं सोनं घासून लख्ख केलं. कोऱ्या द्रावणात रेघ सपाट आली. मग सोनं औषधाच्या पातळ द्रावणात बुडवून ती घड्याळाकडे बघत बसली. घरून फोन आला, तो तिनं उचलला नाही. बऱ्याच वेळानं इलेक्ट्रोड धुऊन, सोन्याला चिकटलेलं तेवढंच मोजायला, तिनं तो कोऱ्या द्रावणात सोडला. रेघ सपाट चालत आली, जरा रेंगाळली आणि चढली.

सेलिनाला हसूही आलं आणि रडूही. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“अजून किती वेळ ठेवलं तर अजून चढेल?” त्यांनी विचारलं. एरवी असे प्रश्न सेलिना विचारायची.

“ते सोन्यालाच विचारू,” ती म्हणाली आणि इलेक्ट्रोड पुन्हा घासायला घेतला.