बहिष्कार उठला त्या दिवशी

अंबडजवळच्या गावात बद्रीनाथच्या हॉटेलात बौद्धवस्तीतल्या माणसांसाठी चहाचे कप वेगळे असायचे. त्र्याण्णव साली रामकिसन गुरुजींनी वस्तीची सभा घेऊन हॉटेलावर बहिष्कार घातला. चिडलेल्या गावानं वस्तीतल्या बायांना कापूस वेचायला बोलावणं बंद केलं. गुरुजींचा पगार चालूच होता. "माघार घ्यायची न्हाई," ते बायांना बजावत राहिले. चांगुणाबाई आणि बाकीच्या बाया लांबच्या शिवारात पायी कामाला गेल्या, अर्धपोटी राहिल्या, पण हटल्या नाहीत.

संक्रांतीला बद्रीनाथ नमला. सगळ्यांना एकसारखे कप आले. गुरुजींनी वस्तीतल्या गड्यांना वाजतगाजत हॉटेलात नेलं. मागोमाग चांगुणाबाई आली आणि बाकड्यावर टेकली.

"मला बी एक चहा दे."

बद्रीनाथ गोंधळला. "गुरुजी, बाईला देऊ का?"

गुरुजी आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "चांगुणाबाई, बायामाणसानं हॉटेलात बसणं बराबर दिसत न्हाई. तुमचा घरी पाठवून देतो."

"तुमचाच घरी पाठवा, गुरुजी," ती जागची न हलता म्हणाली. "उपाशी मी ऱ्हायले. मी हितंच पिणार."