सरांचं गृहीतक

सरांनी शोधनिबंधाचं पहिलं पान वाचून चष्मा काढला, तशी ती खुर्चीत अवघडून बसली.

संगणकावरची गुपितं राखणारी सगळी कुलपं एका गृहीतकावर उभी आहेत, असं सर आयुष्यभर शिकवत आले होते. काही गणितं एका बाजूने सोपी, उलट सोडवायला मात्र महाकठीण. ती कठीण आहेत हे कुणीच सिद्ध केलेलं नाही. सगळे धरून चालतात. हे गृहीतक गेलं की सगळं गेलं, हे दाखवूनच सरांचं नाव झालं होतं. आणि त्यांचीच विद्यार्थिनी आज त्यांच्या घरी बसून सांगत होती, की क्वांटम कुलपांचं त्यावाचून भागतं. फोनवर हे सांगायला तिची जीभ रेटली नव्हती.

“नीट सांग,” सर म्हणाले. “ती गणितं सुटली, तर?”

“आम्ही एक काल्पनिक जग धरलं, सर. तिथे ती चुटकीसरशी सुटतात. तरी आमचं कुलूप उघडत नाही.”

“कशाच्या जोरावर? तुम्हीही काहीतरी धरूनच चालला असाल.”

“हो. क्वांटम कणांची मुद्दाम बनवलेली अवस्था आणि आपसूक आलेली, यातला फरक कुणाला ओळखता येत नाही, एवढंच. पण तुमचं कोसळलं म्हणून हेही कोसळेलच असं नाही.” ती घाईघाईने म्हणाली, “तुमचं काम खोटं ठरत नाही, सर. फक्त...”

“अगं, गप्प बस जरा.”

सर उठून खिडकीशी गेले. पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलू लागले, तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

सर वळले. ते हसत होते.

“रोज उठल्या उठल्या नवे निबंध चाळतो मी. कुणा दीडशहाण्याने ते गणित सोडवलं तर नाही ना, एवढंच बघायला. भीतीच वाटते. हिला विचार.”

“विचारायचं काय त्यात?” आतून येत काकू म्हणाल्या. “रात्रभर कूस बदलत पडतात, सकाळी चहा गार होऊन जातो. इतकी वर्षं मला वाटायचं, शेअर बाजार बघतात.”

“सांगणार कुणाला? धीर मागायला सगळे माझ्याकडेच यायचे.” सर आरामखुर्चीत धपकन बसले. “वाच पुढे. डोळे मिटून ऐकतो.”

ती वाचू लागली. एका पायरीवर सर हटकून अडवणार, याची तिला खात्री होती. पायरी आली, गेली. प्रश्न आला नाही.

तिने मान वर केली. सरांचं तोंड किंचित उघडं होतं. संथ घोरणं ऐकू येत होतं.

तिने कागद आवरायला घेतले. काकूंनी झटकन तिचा हात धरला.

“थांबू नकोस,” त्या कुजबुजल्या. “वाचत राहा. आवाज थांबला तर जागे होतील.”