शेडातला गट

केरबानं चिठ्ठी उघडली, वाचली आणि तोंड पाडलं.

"शेड आलं."

"मला मंदिर!" बसवराज हात जोडून हसला. "पुण्यवान माणसाला पुण्यवान चिठ्ठी."

"काका, पुण्याचा काही संबंध नाही," तनुजा म्हणाली. "कुणाला काय यावं हे कुणाच्याच हातात नको, म्हणून तर चिठ्ठ्या टाकल्या."

"जे कुणाच्याच हातात न्हाई ते देवाच्या हातात असतंय, पोरी," भामाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "आन् त्यानं मला केळीच्या शेडात धाडलंय. बघून घेईन त्याला."

सगळे हसले. अर्धापूरच्या बाजूचं गाव, श्रावण तोंडावर आलेला, आणि मंदिराच्या पायरीवर गावातली सगळी म्हातारी मंडळी गोळा झालेली. तनुजा नांदेडला मानसशास्त्र शिकत होती. तिच्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता: कीर्तन ऐकल्यानं म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब आणि जिवाची घालमेल कमी होते का? निम्म्यांनी श्रावणभर रोज संध्याकाळी कीर्तनाला बसायचं. निम्म्यांनी त्याच वेळी गावाबाहेरच्या केळी पॅकिंगच्या शेडात बसायचं, भोंग्याचा आवाज पोचत नाही तिथं. शेवटी दोन्हींची तुलना.

"शेडात बसून करायचं काय?" केरबानं विचारलं.

"गप्पा मारा, डुलक्या घ्या. फक्त मंदिराकडं यायचं नाही. आणि माझी मैत्रीण बुद्धप्रिया दाब मोजायचं मशीन घेऊन येईल, त्याआधी थोडा वेळ एकदम शांत बसायचं, नाहीतर दाब चुकीचा येतो."

"बसतो बाई. शाळेत बी असंच बसवायचे."

हा प्रश्न तनुजाला सुचवला होता तिच्या बाबांनीच. ग्यानोबा महाराज जन्मभर त्या मंदिरात कीर्तन करत आले. रसाळ वाणी, अभंगाचं चरण त्यांनी घोळवलं की ऐकणाऱ्याच्या तोंडात साखर विरघळावी. पण आता गळा धरला होता. लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, आवाज टिकवायचा तर कीर्तन थांबवा.

"तू मोजायला शिकलीस ना?" ते तनुजाला म्हणाले होते. "मग मोज. माझ्या कीर्तनानं लोकाला खरंच काही गुण येत असंल, तर गळा जाईस्तोवर उभा राहीन. नसंल येत, तर पुरे झालं. उगंच हौसेपायी देवाला तरी किती ओरडून सांगावं?"

श्रावण छान गेला. मंदिरात महाराज रंगले, बसवराज पहिल्या रांगेत डोलला. मंदिरातली मापं तनुजानं घेतली, शेडातली बुद्धप्रियानं. ती गाडी लावून आत जायची तेव्हा सगळे हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसलेले असायचे.

"असा गुणी गट कुणालाच मिळाला नसंल," ती तनुजाला म्हणाली. "भामाबाई तर श्वास बी बेतानं घेती."

आकडे जुळवून तनुजा प्रबंधाच्या मार्गदर्शक उमादेवी मॅडमकडं गेली. मॅडमनी दोन गटांतला फरक तपासणारी टी-टेस्ट दोनदा करून पाहिली, चष्मा काढला.

"मंदिरातल्यांचा दाब उतरला, घालमेलही उतरली."

तनुजाचा चेहरा फुलला.

"आणि शेडातल्यांचीही. जवळपास तेवढीच. दोन्हींत उरलेला फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो. श्रेय कीर्तनाला देता येणार नाही, तनुजा."

"मग शेडातल्यांना गुण कशानं आला?"

"रोज चार माणसांत बसले, कुणी आपुलकीनं विचारपूस केली. कधीकधी तेवढंही पुरतं. परिणाम दिसला नाही, हासुद्धा निष्कर्षच असतो. प्रबंध चांगला होईल तुझा."

प्रबंधाची काळजी कुणाला होती?

गावी आल्यावर तिनं बाबांना सगळं नीट समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे मी गळा फोडून सांगतो, आन् तिकडं लोकं नुसतीच बसत्यात. दोन्ही सारखंच?"

"आकडे तसंच म्हणतात, बाबा."

महाराज हसले. रुसवा नाही, राग नाही. "चला, बरं झालं. देवाचं काम देव करून राहिला. ग्यानोबा नुसता मधी उभा होता." त्यांनी खुंटीवरचा फेटा उतरवला, सोडला, आणि हळूहळू त्याची घडी घालू लागले. "उद्या आरतीनंतर लोकाला सांगून टाकतो. लई झालं, समाधान हाय."

ते खरंच समाधानी होते. तेच तनुजाला बघवेना. त्यापेक्षा ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दिवस कलायला आला होता. महिनाभर साथ दिली म्हणून शेडातल्या मंडळींना पेढे द्यायचे राहिले होते. श्रावण सरला तरी ती म्हातारी मंडळी रोज तिथंच जमतात, असं आईनं सांगितलं, तशी ती पेढ्यांचा पुडा घेऊन केळीच्या बागेतून निघाली.

शेडाजवळ येऊन तिचे पाय थबकले.

आत उपडं क्रेट मृदंगासारखं घुमत होतं. भामाबाई स्टीलच्या दोन वाट्यांचा टाळ धरून बसली होती. आणि मधोमध केरबा उभा होता, गळ्यात उपरणं, एक पाय पुढं. शब्द बाबांचे होते, चाल बाबांची होती, चरण संपताना श्रोत्यांवरून संथपणे नजर फिरवायची लकबसुद्धा बाबांचीच.

तिला बघून केरबा चपापला. वाट्या थांबल्या.

"तू येऊ नका म्हणलीस, तर आम्ही एक दिस बी मंदिराकडं फिरकलो न्हाई," भामाबाई घाईनं म्हणाली.

"किती दिवसांपासून चाललंय हे?" तनुजानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," केरबानं ओशाळून उपरणं काढलं. "महाराजांची सगळी कीर्तनं तोंडपाठ हायेत आमची. पण त्यान्ला सांगू नको, माय. त्यांच्यासारखं जमत न्हाई आमाला."